आरओ यंत्रामागचा डच रसायनतज्ज्ञ

आमच्या रुग्णालयातल्या एका सहकाऱ्याने घरी फिश टँक ठेवला आहे. नळाचे पाणी जड, म्हणून टँकसाठी त्याने वेगळा आरओ बसवला. मध्यंतरी पाणी बदलल्यावर मासे वर येऊन धापा टाकू लागले. टीडीएस मीटर मात्र २० दाखवत होता. पाणी शुद्ध, मग मासे का तडफडतात, असे त्याने मला विचारले. याचे उत्तर समजून घ्यायचे, तर आधी याकोबस व्हान्ट हॉफ यांची ओळख करून घ्यायला हवी.

३० ऑगस्ट १८५२ रोजी नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे त्यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर होते. मुलाने पोटापाण्याचे शिक्षण घ्यावे म्हणून त्याला डेल्फ्टच्या तंत्रनिकेतनात घातले. सुट्टीत त्यांनी एका साखर कारखान्यात काम केले आणि आयुष्यभर हेच करावे लागणार की काय, या विचाराने ते धास्तावले. त्यांनी शुद्ध रसायनशास्त्राची वाट धरली. १८७४ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी त्यांनी एक छोटी पुस्तिका काढली. कार्बनच्या अणूचे चार बंध सपाट नसून अवकाशात चार दिशांना पसरलेले असतात, असे तीत मांडले होते. तेव्हा ते नामांकित नव्हते. पुढे उट्रेक्टच्या पशुवैद्यक शाळेत त्यांना नोकरी मिळाली. जर्मनीतले ज्येष्ठ रसायनतज्ज्ञ हरमान कोल्बे यांनी या नोकरीचा उल्लेख करत त्यांची जाहीर टिंगल केली. व्हान्ट हॉफ वादात पडले नाहीत, काम करत राहिले. १८७८ मध्ये ते ॲमस्टरडॅमला प्राध्यापक झाले.

तिथेच परासरणाचा प्रश्न त्यांच्यासमोर आला. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, मनुका भिजत घातल्या की फुगतात. पेशीच्या पडद्यातून पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे ओढले जाते, ते हेच परासरण. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी मातीच्या सच्छिद्र भांड्यात कृत्रिम पडदा तयार करून ही ओढ किती दाबाची आहे, ते मोजले होते. एक टक्का साखरेच्या पाण्यासाठी ती वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोन तृतीयांश भरली. हे आकडे व्हान्ट हॉफ यांना ह्यूगो द व्ह्रीस या वनस्पतिशास्त्रज्ञ सहकाऱ्याकडून कळले.

त्यांनी आकडेमोड केली आणि एक विलक्षण गोष्ट दिसली. पाण्यात विरघळलेली साखर तेवढ्याच जागेत वायू होऊन राहिली असती, तर जेवढा दाब पडला असता, तेवढाच हा दाब होता. वायूंचा नियम द्रावणालाही लागू पडत होता. मिठाचा दाब मात्र अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट येई. मीठ पाण्यात दोन भारित कणांत फुटते, हे त्याचे कारण १८८७ मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी दिले. रुग्णाला शिरेतून साधे पाणी दिले, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुगून फुटतील. ०.९ टक्के मिठाचे सलाइन चालते, याचा हिशेब याच गणिताने लागतो.

१८९६ मध्ये ते बर्लिनला गेले. १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. १ मार्च १९११ रोजी क्षयरोगाने त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते.

परासरणाच्या ओढीपेक्षा जास्त दाब उलट बाजूने दिला, की पाणी क्षार मागे टाकून बाहेर येते. यालाच आरओ म्हणतात. समुद्राच्या पाण्याला त्यासाठी २५ वातावरणांहून अधिक दाब लागतो. नळाच्या पाण्याला त्याचा लहानसा अंश पुरतो, म्हणून घरी छोट्या पंपावर भागते. व्यवहारात टिकेल असा पडदा मात्र १९५०च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी घडवला.

आता सहकाऱ्याचे मासे. मेम्ब्रेन क्षार अडवते, पण पाण्यातले क्लोरीन आणि क्लोरॅमाइन तिला नीट अडवता येत नाही. टीडीएस मीटर भारित कणांमुळे वाहणारी वीज मोजतो, त्यामुळे त्यालाही ती दिसत नाहीत. ते काम आधीच्या कार्बन फिल्टरचे. सहकाऱ्याने मेम्ब्रेन नवी बसवली होती, कार्बन मात्र दोन वर्षांचा जुना होता. क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळते आणि मेम्ब्रेनही खराब करते.

म्हणून गाळाचा आणि कार्बनचा फिल्टर साधारण सहा महिन्यांनी बदलावा. क्लोरीन तपासण्याचे किट घरी ठेवावे. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस ताडून पाहावा. बाहेरचा आकडा आतल्याच्या एक दशांशाहून वर जाऊ लागला, तर मेम्ब्रेन तपासावी. आरओचे कोरे पाणी माशांना तसेच देऊ नये. गोड्या पाण्यातल्या माशांच्या अंगात परासरणाने पाणी सतत शिरत असते आणि त्यांना क्षार हवे असतात. ते मोजून मिसळावेत.

आमच्या डायलिसिस कक्षातही हाच आरओ असतो. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये रुग्णाच्या रक्ताशेजारून पडद्यापलीकडे सुमारे १२० लिटर पाणी वाहते. त्यात क्लोरॅमाइन राहिले तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून रुग्ण जोडण्याआधी प्रत्येक पाळीला क्लोरीन तपासून वहीत नोंद करावी लागते. सहकारी ती वही रोज पाहतो, घरच्या फिल्टरला मात्र तो नियम लावायचा राहिला होता. आता त्याने कार्बनच्या डब्यावर बदलल्याची तारीख मार्करने लिहिली आहे. आपल्या घरी पिण्याच्या पाण्याचा आरओ असेल, तर त्याच्यावर अशी तारीख आहे का, ते आज पाहून घ्या.