संत बोनाव्हेंचर आणि जीवनवृक्ष

पवित्र शास्त्राच्या आरंभीं एदेन बागेंत जीवनवृक्ष उभा आहे. शेवटीं प्रकटीकरणाच्या पुस्तकांत तो फळांनीं बहरलेला दिसतो. आणि या दोहोंच्या मध्यें कालवारीवर पवित्र क्रुसाचें लांकूड उभें आहे. हे वृक्ष एकाच नजरेनें पाहण्यास ज्यांनीं शिकविलें, त्या संत बोनाव्हेंचर यांचें अल्प चरित्र या ज्युबिलीप्रसंगीं आम्ही आपल्या धर्मग्रामापुढें ठेवीत आहों.

इटलींतील बान्योरेजो गांवीं १२१७ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. बालपणीं ते मरणोन्मुख झाले असतां मातेनें संत फ्रान्सिस यांस नवस केला आणि मूल वांचलें. हें ऋण ते कधींहि विसरले नाहींत. पॅरिसच्या विद्यापीठांत शिकत असतां १२४३ च्या सुमारास ते फ्रान्सिस्कन संघांत शिरले आणि पुढें तेथेंच गुरुपदास चढले.

१२५७ सालीं संघाचें प्रमुखपद त्यांजकडे आलें तें कठीण समयीं. संत फ्रान्सिस यांस स्वर्गवासी होऊन उणींपुरीं ३१ वर्षें झालीं होतीं, तोंच त्यांच्या पुत्रांत दुफळी माजली होती. कित्येकांस दारिद्र्यव्रतांत यत्किंचितहि सवलत नको होती. कित्येक सुखासीन झाले होते. दोन्हीं पक्षांचे बोल सोशीत बोनाव्हेंचर यांनीं सुमारें १७ वर्षें संघ एकत्र राखिला. १२५९ सालीं, जेथें संत फ्रान्सिस यांस प्रभूच्या पंचक्षतांच्या खुणा लाभल्या, त्या ला व्हेर्ना डोंगरावर ते शांतीच्या शोधार्थ गेले.

प्रमुखपदाचा भार वाहत असतांच त्यांनीं ‘जीवनवृक्ष’ हें लहानसें पुस्तक लिहिलें. त्यांत त्यांनीं एक वृक्ष कल्पून त्यास १२ शाखा दिल्या: खालच्या चार प्रभूच्या जन्माच्या व जीवनाच्या, मधल्या चार दुःखसहनाच्या, वरच्या चार गौरवाच्या. प्रत्येक शाखेस एक फळ, आणि प्रत्येक फळाचीं चार मननें, मिळून ४८. मुळाशीं अखंड झरा आहे. त्याचे चार प्रवाह होऊन ख्रिस्तसभारूपी बाग भिजते. चित्र मनांत ठसलें म्हणजे मनन स्मरणांत राहतें, हा त्यांचा हेतु. संकटांतील धीर, अपमानांतील सहनशीलता व यातनांतील स्थैर्य हीं फळें त्यांनीं दुःखसहनाच्याच शाखांवर दाखविलीं. संघ सांभाळतांना त्यांस याच फळांची गरज होती, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें.

१२७३ सालीं परमगुरुस्वामी दहावे ग्रेगरी यांनीं त्यांस कार्डिनल केलें. परंपरा सांगते कीं, दूत टोपी घेऊन आले तेव्हां ते मठांत भांडीं घाशीत होते. काम संपेपर्यंत टोपी झाडास टांगून ठेवण्यास त्यांनीं सांगितलें. लियोंच्या धर्मपरिषदेंत झटत असतां १५ जुलै १२७४ रोजीं त्यांस देवाज्ञा झाली. १४८२ सालीं ते संतपदास चढले व १५८८ सालीं ख्रिस्तसभेचे आचार्य ठरले. १५६२ च्या धर्मयुद्धांत लियों येथें त्यांचे अवशेष जाळले गेले. परंतु फ्लोरेन्सच्या सांता क्रोचे मठाच्या भोजनगृहांतील भिंतीवर ताद्देओ गाद्दी याने चौदाव्या शतकांत रंगविलेला त्यांचा जीवनवृक्ष आजहि उभा आहे.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, धर्मग्राम हाहि एक वृक्षच आहे. शाखा निरनिराळ्या दिशांस वाढतात, क्वचित् एकमेकींस घासतातहि; परंतु रस एकाच खोडांतून चढतो. ज्युबिलीचीं तोरणें चार दिवसांत सुकतील. आपसांतील जुनें वैर ज्या घरांत या वर्षीं मिटेल, त्या घरीं फळ धरलें असें आम्ही समजूं.