समर्थांचा लेखनपाठ आणि मुलांचे अक्षर

नांदेड-लातूरच्या घराघरांत दहावी-बारावीच्या मार्कांची चर्चा वर्षभर चालते. पण उत्तरपत्रिका ज्या हाताने लिहायची, त्या हाताकडे लक्ष जाते ते बहुधा उशिरा. पहिली-दुसरीतल्या मुलाची वही पाहून ही अक्षरे नव्हेत, कोंबडीचे पाय आहेत, असे म्हणून अनेक पालक मोकळे होतात. अक्षर जन्मजात नसते, ते हाताला लावलेले वळण असते, हे साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले ते मराठवाड्यातच जन्मलेल्या समर्थ रामदासांनी.

समर्थांचा जन्म १६०८ मध्ये रामनवमीला, आजच्या जालना जिल्ह्यातील जांब या गावी झाला. मूळ नाव नारायण सूर्याजीपंत ठोसर. बाराव्या वर्षी ते लग्नमंडपातून निघून गेले आणि नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षे राहिले, असे परंपरा सांगते. जप आणि व्यायामाबरोबर त्यांनी तेथे हातालाही शिस्त लावली. सुमारे २४ हजार श्लोकांचे वाल्मीकी रामायण त्यांनी स्वतः उतरवून काढले, असे मानले जाते. ती पोथी धुळ्याच्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेली आहे.

पुढे देशभर भ्रमंती करून ते कृष्णाकाठी आले. १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभे राहिले. शिवथरघळीत समर्थ सांगत गेले आणि शिष्य कल्याणस्वामी लिहीत गेले, असा दासबोधाचा इतिहास सांगितला जातो. कल्याणस्वामींचा मठ पुढे परंडा तालुक्यातील डोमगावला झाला. हा भाग धाराशिव जिल्ह्यातला. लातूरही १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात होते.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास निव्वळ लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. काने, मात्रा, वेलांट्या नेटक्या असाव्यात. पान आधी शिशाने आखून घ्यावे, ओळींमधले अंतर सारखे ठेवावे, एका ओळीची मात्रा दुसरीला भिडू नये. पहिल्या अक्षरापासून ग्रंथाच्या शेवटापर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे. कोवळ्या वयात विशेष जपून लिहावे. तरुणपणी फार बारीक लिहिले तर ते म्हातारपणी उपयोगी पडत नाही, हा इशाराही तेथे आहे. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, हे चष्मा लागलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

कोवळ्या वयाचा मुद्दा शरीरशास्त्रालाही धरून आहे. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि साधारण बाराव्या वर्षापर्यंत एकेक करून टणक होत जातात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला पानभर लिहायला लावले की हात दुखतो, तो केवळ आळसामुळे नव्हे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना अक्षरे तीन प्रकारे शिकवली. ज्यांनी ती स्वतः काढली, त्यांच्या मेंदूतील वाचनाशी संबंधित भाग पुढे ती अक्षरे पाहताना अधिक सक्रिय झाले. टंकलेखनाने किंवा नुसते गिरवल्याने तसे झाले नाही.

म्हणून गिरवणे ही पहिली पायरी, शेवटची नव्हे. एका वेळी एकच अक्षर घ्यावे. आधी ते बोटाने वाळूत किंवा रव्यात काढू द्यावे, मग पाटीवर, मग दुरेघी वहीत. नमुना झाकून मुलाला ते आठवून काढायला सांगावे. ग, म, भ, न किंवा व, ब, क असे सारख्या वळणाचे गट केले तर एका अक्षराची सवय पुढच्याला उपयोगी पडते. इंग्रजीच्या जोडाक्षरी वळणालाही हाच क्रम लागू आहे. रोज दहा मिनिटे पुरतात. ओळीतले सर्वांत चांगले अक्षर मुलालाच शोधू द्यावे. चुका मोजत बसू नये. बराच सराव करूनही अक्षर उलटसुलट येत असेल, हात लवकर थकत असेल, तर रागावण्याऐवजी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. काही मुलांत ही लेखन-अक्षमता असते. तिचा बुद्धीशी संबंध नसतो.

समर्थांनी शके १६०३ मध्ये, म्हणजे १६८२ साली, सज्जनगडावर देह ठेवला. त्यांचा लेखनपाठ त्या काळच्या रीतीप्रमाणे ब्राह्मणांना उद्देशून होता. बाकीच्या मुलांच्या हाती लेखणी यायला पुढे दोन-अडीच शतके जावी लागली. आज ती जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हाती आहे. तिला वळण लावायला एक पाटी आणि शेजारी बसणारे मोठे माणूस एवढेच लागते.