खेळणं व्हायला नकार देणारा कॅप्टन

एक माणूस काचेच्या पिंजऱ्यात कोंडलेला आहे. काचेपलीकडे भल्यामोठ्या डोक्याचे, कपाळावर शिरा तरारलेले परग्रहवासी उभे आहेत. ओठ न हलवता एकमेकांशी बोलतायत. राणीच्या बागेत आपण माकडाकडे बघतो ना, तसं त्यांचं बघणं! त्यांना या माणसाच्या मनातलं वाचता येतं आणि त्याला हवं ते त्याच्यासमोर उभंही करता येतं. घराजवळचं रान, लाडका घोडा, सुंदर मुलगी. अट एकच, पिंजऱ्यात गुमान राहायचं. नाही म्हटलं की अंगाभोवती ज्वाळा. आग खोटी, भाजल्याच्या वेदना मात्र खऱ्या.

हा माणूस म्हणजे अंतराळयानाचा कॅप्टन ख्रिस्तोफर पाइक. तो काही केल्या ऐकत नाही. मनात राग धुमसत असला की या मंडळींना आपलं मन वाचता येत नाही, हे त्याला कळतं आणि तो तोच धागा धरून ठेवतो. शेवटी त्याची सहकारी अधिकारी आपलं शस्त्र असं लावते की ते फुटून सगळेच मरावेत. यांच्यासाठी गुलामांची पिढी जन्माला घालण्यापेक्षा ते बरं. तिथे परग्रहवासी गार पडतात. माणूस नावाचा प्राणी सोन्याच्या पिंजऱ्यातही टिकत नाही, म्हणून ते त्याला सोडून देतात.

१९६४ साली ही गोष्ट लिहिली जीन रॉडनबेरीने. 'स्टार ट्रेक'चा जन्मदाता तो हाच. ओटीटीवर आज 'स्टार ट्रेक'च्या नावाने जे काही दिसतं, त्याची सुरुवात या पिंजऱ्यापासून झाली. गंमत म्हणजे चॅनेलने हा पहिला भाग नाकारला होता.

जीनचा जन्म १९ ऑगस्ट १९२१चा, अमेरिकेत टेक्सासमधल्या एल पासोचा. वडील पोलिसात भरती झाले आणि कुटुंब लॉस एंजेलिसला आलं. पोरगाही कॉलेजात पोलीस प्रशासन शिकला, पण जीव विमानात अडकलेला. १९४१मध्ये तो लष्कराच्या हवाई दलात गेला आणि दक्षिण पॅसिफिकमध्ये जपान्यांविरुद्ध बी-१७ बॉम्बर उडवू लागला. ८९ मोहिमा त्याच्या नावावर आहेत. ऑगस्ट १९४३मध्ये एस्पिरितु सांतो बेटावर टेकऑफ करताना त्याचं विमान धावपट्टी ओलांडून पुढे गेलं आणि आदळलं. दोन सहकारी जागीच गेले. चौकशीत त्याच्यावर ठपका आला नाही. तरी बाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, आपल्या हातात असलेल्या विमानात दोन माणसं गेली हे ओझं कोणती चौकशी उतरवणार?

युद्ध संपल्यावर तो पॅन ॲम कंपनीत वैमानिक झाला. जून १९४७. कराचीहून इस्तंबूलला निघालेलं विमान. फाळणीला दोन महिने होते, कराची तेव्हा अजून आपल्याच देशात होती. रात्री वाटेत एका इंजिनने पेट घेतला. जीन त्या विमानात थर्ड ऑफिसर होता. तो मागे प्रवाशांमध्ये बसून त्यांना धीर देत होता. विमान सीरियाच्या वाळवंटात पोटावर आपटलं आणि भडकलं. जीनच्या बरगड्या मोडल्या होत्या. तशातच तो पुन्हा पुन्हा आत शिरून माणसं बाहेर ओढत राहिला. विमानातल्या ३६ जणांपैकी १५ जण गेले.

पुढे हा किस्सा सांगताना तो मीठमसाला लावायचा, हेही सांगायला हवं. सांगण्याच्या नादात तपशील वाढवायची त्याला सवयच होती. पण मूळ घटनेला मसाल्याची गरज नाही. आजूबाजूला काळोख आहे, मदत कुठून येणार ठाऊक नाही, समोर जी शक्ती आहे तिच्यापुढे आपलं काही चालत नाही, आणि तरीही आपण काय करायचं हे आपल्याच हातात आहे. पुढे त्याचा प्रत्येक कॅप्टन याच जागी उभा दिसतो. माझ्या मते तरी हा योगायोग नाही.

१९४८मध्ये त्याने पॅन ॲमची नोकरी सोडली आणि टीव्हीसाठी लिहायचं म्हणून लॉस एंजेलिस गाठलं. टीव्ही तेव्हा नुकताच रांगत होता, त्यावर पोट भरेना. मग बापाचीच वाट धरून १९४९मध्ये तो पोलीस झाला. आधी वाहतूक शाखा, मग थेट पोलीसप्रमुख विल्यम पार्कर यांची भाषणं लिहिण्याचं काम. दिवसा साहेबाचं भाषण, रात्री टोपणनावाने टीव्हीची स्क्रिप्ट! १९५६मध्ये त्याने वर्दी उतरवली आणि पूर्णवेळ लेखक झाला.

'द लेफ्टनंट' ही त्याने स्वतः निर्माण केलेली पहिली मालिका. मरीन सैनिकांची. तिच्या एका भागात त्याला लष्करातला वर्णद्वेष दाखवायचा होता. एक गोरा, एक काळा, एकाच तुकडीत. लष्कराने मदतीचा हात काढून घेतला, एनबीसी चॅनेलने भाग दाखवायला नकार दिला आणि थोड्याच दिवसांत मालिकाही गुंडाळली गेली. या भागातच निकेल निकोल्स नावाची एक कृष्णवर्णीय नटी होती. तिचं नाव लक्षात ठेवा.

यातून जीनने एक युक्ती उचलली. अमेरिकेतल्या गोऱ्या माणसाचा माज दाखवला तर साहेब लोक कात्री लावतात. मग तोच माज हिरव्या, निळ्या, मोठ्या डोक्याच्या परग्रहवासीयाला चिकटवून टाकला तर? साहेबांना वाटेल, पोरांसाठी रॉकेटची गोष्ट चाललीय.

लुसिल बॉल या लोकप्रिय विनोदी नटीच्या देसिलू स्टुडिओने त्याला हात दिला. पाइकचा पिंजरा चित्रित झाला. एनबीसीच्या मंडळींनी बघितला आणि हे फारच डोक्यावरून जाणारं आहे म्हणून परत पाठवला. पण त्यांनी दुसरा पायलट मागवला, टीव्हीच्या धंद्यात असं सहसा घडत नसे. सोबत दोन तक्रारी होत्या. यानाची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी बाई कशाला, आणि तो टोकदार कानांचा सैतानासारखा दिसणारा स्पॉक कशाला?

जीनने स्पॉक राखला आणि बाईंना काढलं. प्रेक्षकांना हुकूम देणारी बाई झेपणार नव्हती असं तो पुढे सांगायचा. चॅनेलवाल्यांचं म्हणणं वेगळं. बाई असण्याला नव्हे, ती भूमिका त्याच्या मैत्रिणीला, मेजल बॅरेटला दिली याला आमचा विरोध होता म्हणे. तिच्याशी त्याचं लग्न पुढे १९६९मध्ये झालं, पण तेव्हा तो विवाहित होता. खरं काय ते दोघांच्या मध्ये कुठेतरी असणार. एवढं नक्की, की पिंजऱ्यात शस्त्र रोखून धरणारी ती अधिकारी मालिका सुरू होण्याआधीच संपली.

८ सप्टेंबर १९६६ला 'स्टार ट्रेक' पडद्यावर आली. कॅप्टन आता जेम्स कर्क होता. पण यानाच्या पुलावर बसलेली माणसं बघा. संपर्क अधिकारी उहुरा, म्हणजे तीच निकेल निकोल्स. सुकाणूवर जपानी वंशाचा सुलू, आणि ती भूमिका करणारा जॉर्ज ताकेई लहानपणी अमेरिकेनेच उभारलेल्या छावणीत आईवडिलांसोबत कोंडला गेला होता. ज्या जपानविरुद्ध जीन लढला, त्याच्या वंशाच्या माणसाच्या हाती त्याने यान दिलं! दुसऱ्या वर्षी शीतयुद्ध ऐन भरात असताना चेकॉव्ह नावाचा रशियन पोऱ्याही आला. निकोल्सला मध्येच मालिका सोडायची होती. मार्टिन ल्युथर किंग यांनी भेटून आपल्याला थांबवलं, असं ती शेवटपर्यंत सांगायची.

प्रेक्षकसंख्या मात्र यथातथाच होती. १९६८मध्ये चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला म्हणून तिसरं वर्ष मिळालं, तेही शुक्रवारी रात्री दहाला, तरुण मंडळी घराबाहेर असण्याच्या वेळेला. जीनने तेव्हा रोजच्या कामातून अंग काढून घेतलं. ७९ भागांनंतर खेळ खलास. सत्तरचं दशक त्याला कठीण गेलं. नव्या मालिका जमेनात. उलट जुने भाग गावोगावच्या केंद्रांवर पुन्हा पुन्हा लागून 'स्टार ट्रेक'चं वेड वाढतच होतं. इतकं, की १९७६मध्ये नासाच्या पहिल्या स्पेस शटलला चाहत्यांच्या पत्रांमुळे एंटरप्रायझ हे नाव मिळालं.

१९७९मध्ये मोठ्या पडद्यावरचा सिनेमा आला. त्यात डोक्याचा पूर्ण गोटा केलेली इलिया आठवतेय? ती आपली मुंबईची पर्सिस खंबाटा, १९६५ची मिस इंडिया. सिनेमाचा खर्च आवाक्याबाहेर गेला आणि पुढच्या सिनेमांत जीनला नावापुरता सल्लागार करून बाजूला बसवलं गेलं.

१९८७मध्ये नव्या मालिकेने तो परतला. 'द नेक्स्ट जनरेशन'. नवा कॅप्टन ज्याँ-लुक पिकार्ड, टक्कल पडलेला, पुस्तकं वाचणारा, भांडायच्या आधी विचार करणारा. पहिल्याच गोष्टीत क्यू नावाचा सर्वशक्तिमान जीव न्यायाधीश होऊन अख्ख्या मानवजातीवर खटला भरतो. क्यूचा हा भाग जीनने स्वतः लिहिलेला. पिकार्ड गयावया करत नाही. माणूस एके काळी क्रूर होता हे कबूल करतो आणि आज तो कसा आहे याची परीक्षा घ्या म्हणतो.

मला मात्र एप्रिल १९८८मध्ये दाखवलेला आर्मसचा भाग जास्त रुततो. कथा जोसेफ स्टेफानोची होती, जीन मालिकेचा सर्वेसर्वा. एका ओसाड ग्रहावर छोटं यान कोसळलंय. अडकलेल्यांच्या वाटेत डांबरासारखा काळा, चिकट जीव पडलाय. एका जातीने आपल्यातला सगळा दुष्टपणा काढून टाकला आणि मागे सोडून दिला, तोच हा. सुरक्षा अधिकारी ताशा यार पुढे पाऊल टाकते आणि तो तिला मारून टाकतो. कारण काही नाही. गंमत म्हणून. मालिकेतली प्रमुख नायिका अशी फुकट जाते, आणि अनेक चाहत्यांना हे मरण आजही पटलेलं नाही. मला वाटतं, ते पटू नये हेच बरोबर आहे.

आर्मसला करमणूक हवी असते. कोणाला तरी तडफडताना बघायचं असतं, आणि या ग्रहावरून सुटका हवी असते. पिकार्ड एकटा त्याच्यासमोर जातो. हातात शस्त्र नाही. तो त्याला बोलतं करतो, त्याचं एकटेपण त्याच्यासमोर मांडतो आणि ठाम सांगतो की तुला इथून नेणार नाही. आर्मस चवताळतो, त्या भरात त्याची पकड सैल होते आणि अडकलेली माणसं वर यानात खेचली जातात. कोसळलेलं यान उडवून देऊन पिकार्ड त्याची पळवाटही बंद करतो. ताशा मात्र परत येत नाही.

पडद्यामागे जीन काही पिकार्ड नव्हता. 'स्टार ट्रेक'च्या मूळ शीर्षकसंगीतासाठी त्याने कधीच न गायले गेलेले शब्द लिहिले, कारण त्यामुळे संगीतकार अलेक्झांडर करेजच्या मानधनातला अर्धा वाटा त्याला मिळत होता. जीन कून, डोरोथी फोंटाना यांच्या कामाचं श्रेय बरेचदा त्याच्याच नावावर जमा झालं. नव्या मालिकेत सहकाऱ्यांनी आपसात भांडायचं नाही असा त्याचा हट्ट होता. खुद्द त्याच्या लेखकांच्या खोलीत मात्र भांडणं संपत नव्हती, एकामागून एक लेखक सोडून गेले.

तब्येत खालावत गेली. २४ ऑक्टोबर १९९१ला सांता मोनिकात तो गेला, वय ७०. पुढच्या वर्षी त्याच्या अस्थींचा थोडा भाग कोलंबिया शटलमधून अंतराळात जाऊन परत आला. पिंजऱ्याची ती नाकारलेली पहिली गोष्ट चॅनेलवर संपूर्ण दाखवली गेली १९८८मध्ये, लिहिल्यानंतर २४ वर्षांनी. ती त्याने पाहिली होती.