घाट फोडणारे वालचंद

परवा भाचा लोणावळ्याला घरी आला. जपानहून जुनी मोटार मागवायची हौस. कर्ज, जकात, जहाजभाडं यांचा हिशेब माझ्यासारख्या निवृत्त बँकवाल्याला विचारत होता. मला मात्र वालचंद हिराचंद आठवले.

सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंदांचं मन घरच्या पेढीत रमलं नाही. रेल्वेतले माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी कंत्राटं घेतली. आमच्या बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांचं कामही पुढे त्यांच्या कंपनीनं केलं. मग मोटारीचा ध्यास लागला. मोटार परदेशातूनच का यावी, ती इथे का बनू नये? युद्धकाळात इंग्रज सरकारनं साथ दिली नाही, तरी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली. १९४७ साली कुर्ल्यात गाड्या जुळू लागल्या. पण सुटे भाग अमेरिकेच्या क्रायस्लरचे. पक्षाघातामुळे १९५० साली वालचंद निवृत्त झाले, १९५३ साली गेले. संपूर्ण देशी मोटार पाहायची राहूनच गेली.

भाच्याला हिशेब मांडून दिला. हौसेला मोल नसतं. स्टेशनवर निरोप देताना मात्र घाट उतरताना बोगदे मोजत जायला सांगितलं.