बादशहाचा मुलगा, शंभूराजांचा आश्रित

औरंगजेबाने आपल्या चौथ्या मुलाला खापरपणजोबांचे नाव दिले, अकबर. जन्म औरंगाबादचा, 11 सप्टेंबर 1657 चा. आई दिलरस बानू महिनाभरातच वारली. बीबी का मकबरा ही तिचीच कबर. आईविना वाढलेल्या या मुलाला थोरली बहीण झेबुन्निसा हिने जीव लावला, तो शेवटपर्यंत. दिलरस बानूचे माहेर इराणच्या सफवी राजघराण्यातले होते, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे.

बापाचाही लाडका असलेला हा शहजादा तेविसाव्या वर्षी बापाच्या विरोधात उभा राहिला. 1678 मध्ये जोधपूरचे महाराजा जसवंतसिंह वारले आणि बादशहाने मारवाड ताब्यात घेतले. राठोड चिडून उठले. त्यांचा बंदोबस्त करायला अकबराला पाठवले, तर तो राठोडांनाच जाऊन मिळाला. जानेवारी 1681 मध्ये त्याने स्वतःला बादशहा म्हणून जाहीर केले आणि अजमेरवर चाल केली. औरंगजेबाजवळ त्या वेळी फौज थोडी होती, पण डोके शाबूत होते. राजपुतांना जाळ्यात आणल्याबद्दल मुलाला शाबासकी देणारे एक खोटे पत्र त्याने लिहिले आणि ते राजपुतांच्याच हाती पडेल अशी सोय केली. एका रात्रीत छावणी रिकामी झाली. पुढे खरा प्रकार कळल्यावर राठोडांचे सरदार दुर्गादास परत आले आणि त्यांनी या पळत्या शहजाद्याला आपल्या पाठीशी घेतले. मुघल चौक्या चुकवत, नर्मदा ओलांडून, सुमारे पाचशे स्वारांनिशी दोघे दक्षिणेकडे निघाले. त्या काळी बादशहाला न भिणारे घर एकच होते, रायगडचे.

जून 1681 मध्ये अकबर कोकणात उतरला. छत्रपती संभाजी महाराजांकडे त्याची पत्रे आधीच पोहोचली होती. पालीजवळ, सुधागडाच्या पायथ्याच्या धोंडसे गावात त्याची सोय झाली. गवताने शाकारलेले मोठे घर, धान्याचा पुरवठा, मराठ्यांचा पहारा. हा पहारा पाहुण्याच्या रक्षणासाठी होता, तसा पाहुण्यावर लक्ष ठेवण्यासाठीही. आसरा मिळाला, पण भेट नाही. पावसाळा गेला. त्या वर्षीचा रमजान सप्टेंबरमध्ये लागला, तोही त्याने तिथेच काढला. ईद झाली, तरी महाराजांची गाठ पडली नव्हती.

यात महाराजांचा दोष काढणे सोपे आहे. पण दारात आलेला माणूस शत्रूचा मुलगा होता. तो खरोखर बापाशी भांडून आला आहे की बापानेच पाठवला आहे, हे कपाळावर लिहिलेले नसते. महाराज गादीवर येऊन वर्षही झाले नव्हते. शिवाय परक्याच्या आश्रयाला राहणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगले होते. आग्र्याहून निसटताना शिवरायांनी नऊ वर्षांच्या शंभूबाळाला मथुरेत एका ब्राह्मण कुटुंबाकडे लपवून ठेवले होते. पुढे तरुणपणी ते दिलेरखानाच्या छावणीत वर्षभर राहून परतले होते. म्हणून दार उघडायचे, पण माणूस पारखून घ्यायचा, असा मार्ग त्यांनी धरला, असे मला वाटते.

पारख झाली ती अनपेक्षित रीतीने. त्याच पावसाळ्यात रायगडावरच्या काही कारभाऱ्यांनी महाराजांविरुद्ध कट रचला. अण्णाजी दत्तो हे त्यातले प्रमुख नाव. मदतीच्या बदल्यात राज्याचा मोठा वाटा देऊ, असे पत्र त्यांनी धोंडशाला अकबराकडे पाठवले. अकबराने दुर्गादासांशी मसलत केली आणि ते पत्र महाराजांकडे पोहोचते केले. मीठ ज्याचे खातो त्याच्याशी इमान राखायचे, हा हिशेब त्याने चोख ठेवला. नोव्हेंबर 1681 मध्ये पालीच्याच परिसरात महाराज, अकबर आणि दुर्गादास समोरासमोर आले.

आश्रय मागणाऱ्याची बाजू आधी ऐकावी, मग ठरवावे, ही रीत मुसलमानांना पहिल्या पिढीपासून ठाऊक आहे. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सांगण्यावरून काही अनुयायी इ.स. 615 च्या सुमारास समुद्र ओलांडून हबशा देशात गेले. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. कुरैशांचे दूत भेटी घेऊन मागोमाग पोहोचले आणि आमची माणसे आम्हाला परत द्या म्हणू लागले. नजाशीने आधी जाफर बिन अबू तालिब यांचे म्हणणे ऐकले, मग दूतांच्या भेटी परत केल्या. रमजानच्या बयानांत हा प्रसंग दरवर्षी ऐकायला मिळतो. पालीचा प्रसंग मात्र कुणी सांगत नाही, ना मशिदीत, ना शिवजयंतीच्या व्याख्यानात.

भेटीनंतर अकबराला वाटले असेल की आता दिल्ली दूर नाही. महाराजांच्या मनातही ते होते. अकबराला तख्तावर बसवण्यासाठी साथ द्यावी म्हणून त्यांनी आमेरच्या रामसिंहाला संस्कृतातून पत्र लिहिले. पण तोवर खुद्द औरंगजेब दक्षिणेत येऊन ठेपला होता. मुलगा आणि मराठे एकत्र आले, ही धास्ती त्याला इकडे घेऊन आली. नोव्हेंबर 1681 मध्ये बऱ्हाणपूर, पुढच्या वसंतात औरंगाबाद. दिल्लीला तो पुन्हा कधीच गेला नाही. महाराजांना एकीकडे जंजिऱ्याचा सिद्दी, दुसरीकडे गोव्याचे पोर्तुगीज आणि चहूकडून मुघल. पाहुण्यासाठी उत्तरेत फौज पाठवायची कुठून?

इथून अकबराच्या आयुष्यातली सगळ्यात जड वर्षे सुरू झाली. जिवाला धोका नव्हता, पोटाची चिंता नव्हती, पण पुढे काय, याचे उत्तर कुणाकडे नव्हते. 1683 मध्ये कंटाळून तो वेंगुर्ल्याला जहाजात जाऊन बसला. दुर्गादास आणि कवी कलश यांनी समजूत घालून त्याला उतरवले. पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात तह व्हावा म्हणून त्याने मध्यस्थीही करून पाहिली. पुढे त्याचा मुक्काम साखरपा, मलकापूर या भागात होता. मे 1685 मध्ये औरंगजेब आपल्या सोलापुरात आला आणि विजापूरच्या वेढ्यासाठी वर्षभर इथेच राहिला. बाप सोलापुरात आणि मुलगा मलकापुरात. आज एस.टी.ने एका दिवसाचा प्रवास. दोघांची भेट मात्र अजमेरनंतर कधीच झाली नाही.

या सगळ्याची किंमत झेबुन्निसानेही मोजली. भावाला लिहिलेली तिची पत्रे बापाच्या हाती लागली. चार लाखांचा तनखा बंद झाला आणि दिल्लीच्या सलीमगडात ती कैद झाली. 1702 मध्ये ती तिथेच वारली.

एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. या सहा वर्षांत महाराजांवर एकामागून एक संकटे आली. अकबराला बापाच्या हवाली केले असते, तर वाटाघाटीत मोठा मोबदला मागता आला असता. असा सौदा त्यांनी केला नाही. 1689 मध्ये महाराज पकडले गेल्याची बातमी औरंगजेबाला आपल्याच जिल्ह्यात, अकलूजच्या छावणीत मिळाली. त्यानंतरचे हाल सर्वांना माहीत आहेत. त्या वैराच्या हिशेबात अकबराला दिलेला आसराही धरावा लागेल.

आज हेच काम कार्यालयांत चालते. आश्रय मागणाऱ्याला मारहाणीच्या तोंडी परत पाठवू नये, हे तत्त्व 1951 च्या जिनिव्हा कराराने कागदावर आणले. भारताने त्यावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. कुणाला ठेवायचे, किती दिवस, कोणत्या शिक्क्यावर, हे सरकार त्या त्या वेळी ठरवते. नागपुरात, उल्हासनगरात पाकिस्तानातून आलेल्या सिंधी कुटुंबांनी दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षानुवर्षे काढली आहेत. रोहिंग्यांच्या हातात संयुक्त राष्ट्रांचे कार्ड असते, पण आपले सरकार ते ग्राह्य धरत नाही. पहारा, धान्य आणि गवताचे छप्पर मिळाले तरी माणूस अर्धाच वाचतो. उरलेला अर्धा निर्णयाची वाट पाहत झिजतो. धोंडशातही तेच घडले.

अखेर फेब्रुवारी 1687 मध्ये राजापूरच्या बंदरातून एका इंग्रज कप्तानाच्या जहाजाने अकबर इराणला निघाला. सोबत चाळीस-पंचेचाळीस माणसे. जहाज मस्कतला लागले, तर तिथल्या इमामाने त्याला अडकवून ठेवले. दोन लाख रुपये आणि सुरतेच्या बंदरात आपल्या मालाला जकातमाफी द्या, शहजादा घेऊन जा, असा निरोप त्याने औरंगजेबाला धाडल्याचे इतिहासकार खाफीखानाने नोंदवले आहे. जिथे जन्माने एकही नाते नव्हते त्या सह्याद्रीत जो विकला गेला नाही, त्याचा भाव एका मुसलमान इमामाने ठरवला. हे लिहिताना संकोच वाटतो, पण झाले ते असे. इराणचा शाह सुलेमान याने आपला पाहुणा म्हणून मागणी केली, तेव्हा सुटका झाली. आईकडचे रक्त इथे कामी आले. जानेवारी 1688 मध्ये इस्फहानला त्याचे स्वागत झाले, मानमरातब मिळाला. फौज मात्र नाही. बाप जिवंत असेतो मुलाला बापाविरुद्ध मदत करणार नाही, भावांशी लढायची वेळ आली तर पाहू, असे शाहचे धोरण होते. पुन्हा वाट पाहणे आले.

अजमेरहून पळताना अकबराची दोन लहान मुले मागे राहिली होती, मुलगी सफियतुन्निसा आणि मुलगा बुलंद अख्तर. ती राठोडांकडे, डोंगरांत आणि वाळवंटात वाढली. नातवंडे परत मिळावीत म्हणून औरंगजेबाने बरीच वर्षे खटपट केली. शेवटी पाटणचे ईश्वरदास नागर या ब्राह्मण कारभाऱ्याच्या मध्यस्थीने दुर्गादास राजी झाले. 1695 ते 1699 या काळात बादशहाचा तळ मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला होता. माचणूरला भीमेकाठी जाणाऱ्यांनी तिथला किल्ला पाहिलाच असेल. 1696 च्या सुमारास सफियतुन्निसा आजोबांकडे परतली. बिनमुसलमानांत वाढलेल्या नातीला आता दीन शिकवायला हवा, म्हणून औरंगजेब शिक्षक नेमायला निघाला. तेव्हा तिने सांगितले की तिला कुरआन तोंडपाठ आहे. दुर्गादासांनी अजमेरहून एक मुसलमान शिक्षिका आणून तिला शिकवले होते. ही हकीकत ईश्वरदासांनी स्वतः आपल्या फारसी ग्रंथात लिहून ठेवली आहे. इतकी वर्षे ज्याच्यामागे फौजा लावल्या, त्याच माणसाने आपली नात हाफिजा करून पाठवली, हे ऐकून बादशहा नरमला. तरावीहमध्ये कुरआन ऐकणाऱ्यांनी क्षणभर त्या मुलीचा आवाज आठवावा. राजपुतांच्या वस्तीत, कुठल्याशा झोपडीत ती पाठ करत बसली असेल.

1698 मध्ये बुलंद अख्तरला घेऊन दुर्गादास स्वतः भीमेकाठच्या त्या छावणीत आले. त्यांना तीन हजारी मनसब मिळाली.

अकबर मात्र परतला नाही. बापाच्या आधीच तो खुरासानात वारला. मार्च 1707 मध्ये अहमदनगरला औरंगजेबाने डोळे मिटले. ज्यांनी बादशहाच्या मुलाला आणि नातवंडांना सांभाळले, त्या दुर्गादासांना म्हातारपणी आपल्याच राजाशी, अजितसिंहाशी न पटल्याने मारवाड सोडावे लागले. मेवाडच्या राण्याने त्यांना आसरा दिला. 1718 मध्ये उज्जैनला क्षिप्रेकाठी त्यांचा अंत झाला. त्यांची छत्री आजही तिथे उभी आहे.