६७ कोटींना विकलं गेलेलं चित्र काढणारे गायतोंडे वर्षाला पाच-सहाच चित्रं का काढायचे?

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत सॅफ्रनआर्टच्या लिलावात १९७० सालचं एक चित्र ६७ कोटी ८ लाख रुपयांना विकलं गेलं. चित्राला नाव नव्हतं. ते काढणारे वासुदेव संतू गायतोंडे जाऊन तेव्हा २४ वर्षं झाली होती.

गायतोंडेंचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ चा, नागपूरचा. घराणं मूळचं गोव्याचं, पण ते वाढले मुंबईत, गिरगावच्या चाळीत. पुढे जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि १९४८ मध्ये डिप्लोमा घेऊन बाहेर पडले.

हे जेजे प्रकरण समजून घ्यायला हवं. संस्था इंग्रजी वळणाची, पण तिथे जगन्नाथ अहिवासी भारतीय शैलीचा वर्गही घ्यायचे. त्याच्या कितीतरी आधी, १८७२ पासून, जेजेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करून घेत. अजिंठा म्हणजे आपल्या जळगावपासून साधारण ६० किलोमीटर. तिथलं चित्रही थरांचंच: खाली मातीचा गिलावा, त्यावर पांढरा हात आणि मग रंग.

गायतोंडेंची सुरुवातीची चित्रं पाहिली तर माणसं दिसतात, लघुचित्रांसारखे सपाट, भडक रंग दिसतात. मग पॉल क्ली हा स्विस-जर्मन चित्रकार त्यांना भेटला, अर्थात पुस्तकांतून. हळूहळू माणसं गेली, रेषा गेल्या. १९५७ मध्ये टोकियोतल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळालं. त्याच सुमारास झेन विचारांचं वाचन सुरू झालं आणि मुंबईत निसर्गदत्त महाराजांकडे जाणंही. १९६४ मध्ये रॉकफेलर फंडाच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इतकी कमी चित्रं का?

कारण त्यांचा बहुतेक वेळ ब्रश न उचलता जायचा. तासन् तास नुसतं बसायचं आणि चित्र मनात तयार होऊ द्यायचं. मग कॅनव्हासवर पातळ रंग, तो रोलरने पसरवायचा, पॅलेट नाइफने खरवडायचा. वाळला की दुसरा थर. कधी कागदाचे फाटके तुकडे रंगात भिजवून दाबायचे आणि उचलून घ्यायचे, मागे फक्त ठसा उरतो. त्यामुळे खालचा रंग वरच्यातून झिरपल्यासारखा दिसतो. फोटोत हे कळत नाही, फोटोत सगळं धुरकट वाटतं. या चित्रांना अमूर्त म्हटलेलं त्यांना आवडत नसे, कारण अमूर्त करायला आधी काहीतरी मूर्त असावं लागतं. त्यांच्याकडे तसं काही नव्हतं, होता तो रंग.

या थरांमध्ये भारतीय किती आणि पाश्चात्त्य किती, यावर समीक्षक भांडतात. भांडण थोडं फुकट आहे. खरवडल्यानंतर कुठला थर कुठला, हे वेगळं काढता येत नाही.

१९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढच्याच वर्षी मुंबई सोडून ते दिल्लीत निजामुद्दीनला राहायला गेले आणि माणसांपासून दूर होत गेले. १९८४ च्या रिक्षा अपघाताने सगळं थांबलं. मोठे कॅनव्हास कित्येक वर्षं हाती घेता आले नाहीत, मग ते कागदावर शाईने छोटी रेखाटनं करत राहिले. नंतर पुन्हा रंगवायला लागले खरे, पण शेवटची काही वर्षं ब्रश बंदच होता. १० ऑगस्ट २००१ ला ते गेले, तेव्हा फारशी कुणी दखल घेतली नाही. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं ते २०१४ मध्ये.

त्यांच्या चित्रांवर पुढून सही शोधायला गेलात तर बहुतेकदा सापडणार नाही. ती कॅनव्हासच्या मागे असते. अनेक चित्रांवर दोनदा: एकदा इंग्रजीत, एकदा देवनागरीत.