एका कवितेसाठी हद्दपार झालेला रोमन कवी, ज्याची शिक्षा २००० वर्षांनी रद्द झाली!

स्वतःच्याच प्रेमात बुडालेल्या माणसाला आपण सर्रास ‘नार्सिसिस्ट’ म्हणतो. हात लावेल ते सोनं होणाऱ्या मिडास राजाची गोष्ट लहानपणी ऐकलेली असते. आणि पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ तर घराघरांत पोचलेली. या तिन्हींचा धागा मागे मागे नेला, की आपण एका रोमन कवीपाशी येतो. त्याचं नाव ओव्हिड.

ज्युलियस सीझरची हत्या झाली इ.स.पूर्व ४४ मध्ये. त्याच्या पुढच्याच वर्षी, २० मार्चला, इटलीतल्या सुल्मो गावात ओव्हिड जन्मला. घर खाऊनपिऊन सुखी. त्याला एक वर्षाने मोठा भाऊ होता आणि गंमत म्हणजे दोघांचा वाढदिवस एकच! मुलांनी वकिली करावी, नाव कमवावं, असं वडिलांना वाटे. कवितेवर पोट भरत नाही, होमरसुद्धा मागे काही ठेवून गेला नाही, असं ते धाकट्याला ऐकवत. (दोन हजार वर्षांत बापांचं म्हणणं फारसं बदललेलं नाही.) थोरला विसाव्या वर्षीच वारला. धाकट्याने काही दिवस छोटी सरकारी पदं सांभाळली आणि मग ती वाट सोडून कवितेलाच वाहून घेतलं.

त्या वेळी रोमवर सम्राट ऑगस्टस राज्य करत होता. लोकांनी लग्नं करावीत, मुलं जन्माला घालावीत, संसार नीट करावेत, असा त्याचा आग्रह. व्यभिचाराला शिक्षा देणारा कायदा त्याने इ.स.पूर्व १८ मध्ये आणला. याच रोममध्ये ओव्हिडने ‘आर्स अमातोरिया’, म्हणजे प्रेम करण्याची कला, हे पुस्तक लिहिलं. मुलगी कुठे भेटेल, तिच्याशी कसं बोलावं, ती टिकवावी कशी, असे मास्तरकीचा आव आणून दिलेले मिश्कील धडे त्यात होते. तिसरा भाग तर खास बायकांसाठी. पुस्तक गाजलं. पण ऑगस्टसला त्याच्याच कायद्याखाली आपल्या मुलीला, ज्युलियाला, बेटावर धाडावं लागलं होतं. त्याला यातली गंमत कशी पटावी?

आणि इ.स. ८ मध्ये घाव बसला. ओव्हिड पन्नाशीचा होता. काळ्या समुद्राच्या काठी, साम्राज्याच्या अगदी टोकाला असलेल्या तोमिसला जाण्याचा हुकूम झाला. ना खटला, ना सुनावणी. कारण काय? तो स्वतः सांगतो, एक कविता आणि एक चूक. कविता म्हणजे प्रेमाचे ते धडे. चूक कोणती, हे मात्र त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. काही पाहू नये ते पाहिलं, एवढंच सुचवलं. त्याच वर्षी सम्राटाच्या नातीलाही हद्दपार केलं होतं, म्हणून अभ्यासक दोन्हींचा संबंध जोडतात. पुरावा नाही. आपल्या ओळखीचा ‘एरर’ हा शब्द मूळ लॅटिनच, आणि त्याचा आधीचा अर्थ भटकणं, वाट चुकणं!

त्याचं नागरिकत्व आणि मालमत्ता शाबूत राहिली. बायकोही रोममध्येच राहिली. पुस्तक मात्र सार्वजनिक ग्रंथालयांतून काढून टाकलं गेलं.

निघताना त्याच्याजवळ ‘मेटामॉर्फोसिस’ हे मोठं काव्य होतं. १५ भाग, सुमारे १२,००० ओळी. त्यात देव, माणसं, झाडं, पक्षी एकमेकांत बदलत जातात. त्याने आपली प्रत जाळली, असं तो म्हणतो. पण मित्रांकडे नकला होत्या, आणि हे त्याला ठाऊक नसेल असं वाटत नाही. पाण्यात स्वतःचंच रूप बघत झुरणारा नार्सिसस या काव्यात आहे. मिडासही आहे, फक्त त्याची मुलगी सोन्याची होते ती भर फार नंतरची. स्वतःच घडवलेल्या मूर्तीच्या प्रेमात पडणारा पिग्मॅलियनही इथलाच. त्याच्या नावाने बर्नार्ड शॉ यांनी नाटक लिहिलं आणि त्यावरून पुलंनी ‘ती फुलराणी’. पिरॅमस आणि थिस्बी हे प्रेमी शेक्सपियरने इथूनच उचलले.

तोमिसमध्ये थंडी अशी, की मद्य गोठायचं आणि तुकडे करून द्यावं लागायचं, असं त्याने लिहिलंय. थोडं मीठमसाला लावून लिहिलं असेल. दया यावी हाच तर हेतू होता. कारण तो एकामागून एक पद्यपत्रं रोमला धाडत होता. परत बोलवा, निदान जवळच्या गावी तरी हलवा. आजूबाजूला लॅटिन बोलणारं कुणी नाही, आपलीच भाषा विसरायला होतेय, ही त्याची सगळ्यात मोठी तक्रार. शेवटी तिथल्या गेटी लोकांच्या भाषेतही कविता केली, असं तो सांगतो. ती आज उपलब्ध नाही.

ऑगस्टस इ.स. १४ मध्ये गेला. पुढचा सम्राट टायबेरियस, त्यानेही बोलावलं नाही. इ.स. १७ किंवा १८ च्या सुमारास ओव्हिड तोमिसमध्येच वारला.

डिसेंबर २०१७ मध्ये रोमच्या नगर परिषदेने ठराव करून त्याची हद्दपारी रद्द केली. तोमिस म्हणजे आजचं रोमानियातलं कॉन्स्टान्ट्सा. तिथल्या चौकात १८८७ पासून त्याचा पुतळा उभा आहे, हनुवटीला हात लावून विचारात पडलेला.